पांढरी सहा

आमच्या घरात नादकाटा आणायला बंदी आहे. बाकी सगळं चालतं. भांडणं चालतात, शिळं चालतं, माझ्या नवऱ्याचं घोरणं तर लग्न झाल्यापासून चालवून घेतलंय. नादकाटा तेवढा उंबऱ्याच्या आत यायचा नाही.

नादकाटा म्हणजे शाळेत असतो तोच, स्टीलचा, दोन बोटांचा. गुडघ्यावर आपटला की एकच सूर देतो, मग थंडी असो की ऊन. पियानो लावणाऱ्या माणसाच्या खिशात तो असतोच. आमच्याकडे मात्र नसतो, कारण माझ्या सासऱ्यांनी, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, आपला काटा आमच्या पियानोच्या भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला होता. माझी नणंद तेव्हा सहा वर्षांची होती. पियानोकडे पाठ करून उभी राहायची आणि कुठलीही पट्टी वाजवली की नाव सांगायची. पेला वाजवा, दाराची कडी वाजवा, ती नाव सांगायची. "आता काटा कशाला? आमच्याकडे कान आहे," असं अण्णा म्हणाले आणि पुढे तेच दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं. पाटी अजून आहे. कान आता पन्नाशी ओलांडून गेलाय.

पट्ट्यांना आमच्याकडे आकड्यांनी हाक मारतात. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, असं करत सात पांढऱ्या आणि पाच काळ्या झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. यातली पांढरी सहा सगळ्यांची आई. ती किती उंच असावी हे जगभरच्या वाजवणाऱ्यांनी मिळून ठरवून टाकलंय. आधी ती बरोबर लावायची, मग तिच्यावरून बाकीच्या सगळ्या. पियानो लावणं म्हणतात ते एवढंच, आणि त्यात अख्खी सकाळ जाते.

मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. परीक्षानळ्या धुते, भिंगं पुसते, पोरांनी फोडलेलं झाडून काढते. सूर नावाची गोष्ट मला कळत नाही. लहानपणी प्रार्थनेला बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं आणि मी ते फार मनावर घेतलं. अशा मुलीला या घरात सून करून आणली ती नवऱ्याच्या हट्टाने, आणि नवऱ्याचे कान तरी कुठे मोठे लागून गेलेत? तो चष्म्याच्या दुकानात आहे. "मला कान दिलेत ते चष्मा अडकवायला," असं तो सगळ्यांना सांगतो. ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा जो आनंद असतो, त्याचा अर्थ मला उशिरा कळला.

नणंदेला मी ताई म्हणते. दुकान खाली, घर वर. सुट्टीच्या दिवशी मी खाली ताईंजवळ मटार सोलत बसायचे आणि त्या पियानोत डोकं घालून तारांच्या खुंट्या किल्लीने फिरवायच्या.

"हे ऐका, वहिनी. दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या की त्यांच्यात लाट उठते. वाँव, वाँव, वाँव. जुळत गेल्या की लाट लांबते आणि मग विरते. येतंय ऐकू?"

येत होतं. मलासुद्धा येत होतं. ती लाट ऐकायला सुराची जाण लागत नाही, लक्ष लागतं.

"मग तुमचा तो मोठा कान कशाला लागतो?"

"पांढऱ्या सहापुरता," ताई म्हणाल्या. "पुढे तो आडवाच येतो. पियानोत सगळ्या जोड्या शुद्ध ठेवता येत नाहीत. एक शुद्ध केली की दुसरी रडते. म्हणून सगळ्याच जराजरा बिघडवायच्या, मापात, म्हणजे कुणाची तक्रार नको. माझ्या कानाला ते टोचतं. पण करायचं."

"म्हणजे एकत्र कुटुंबच की."

ताई इतक्या हसल्या की किल्ली खुंटीवरून निसटली. वरून अण्णांची काठी जमिनीवर आपटली. काम चालू असताना दुकानात हसायचं नाही, असाही एक नियम आहे.

म्हणजे हिशेब असा. एका सुरासाठी, जो कुठल्याही वाद्यांच्या दुकानात स्टीलच्या चिमट्यात मिळतो, त्या एका सुरासाठी ही बाई जन्मभर या घरात. स्थळं आली होती. एक तर ताईंना आवडलंही होतं, परगावचा शिक्षक होता. "कानच परगावी गेला तर दुकान काय डोळ्यांनी चालवू?" असं अण्णा बैठकीत म्हणाले. सगळे हसले. ताईंनी हसत हसत कपबश्या उचलल्या आणि विषय संपला. हे मला नवऱ्याने सांगितलं आणि पुढे म्हणाला, "जाऊ दे." त्याचं दर दुसरं वाक्य 'जाऊ दे' असतं.

मला हे सगळं दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं, पण खरं सांगायचं तर झोप उडत नव्हती. दुसऱ्याच्या गळ्यातला दोर आपल्याला काचत नाही. मग एक दिवस जेवताना माझ्या हातून वाटी पडली आणि आमची चिंगी, सात वर्षांची, मान वर न करता म्हणाली, "पांढरी तीन."

अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी चमचा घेतला आणि पेल्यावर वाजवला.

"काळी दोन. पण जरा कमी," चिंगी म्हणाली. "मला अजून भात."

त्या दिवसापासून चिंगीच्या दुपारी अण्णांच्या झाल्या. शाळेतून आली की त्यांच्या खोलीत, पियानोकडे पाठ करून स्टुलावर. "ओळख." "पांढरी पाच." "ही?" "काळी एक." गुडघे फोडून घरी येणारी माझी पोर, तिचे गुडघे कसे स्वच्छ दिसायला लागले. खिडकीखाली मैत्रिणी हाका मारायच्या आणि कंटाळून निघून जायच्या. तिला आवाज सोसेनासे झाले. दाराची घंटी वाजली की कानात बोटं. शाळेत गाणं म्हणताना वर्ग पेटीपेक्षा खाली घसरला म्हणून ती रडत घरी आली, आणि बाईंनी वहीत लिहून पाठवलं की मुलगी हेकट आहे.

"तिला जरा खेळायला जाऊ द्या ना," मी अण्णांना म्हटलं.

"खेळायला काय, सगळीच पोरं जातात," अण्णा म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना ते खरंच असं दिसत होतं.

मग ताई चिंगीला कामावर न्यायला लागल्या. लोकांच्या घरी, शाळांमध्ये, संगीत विद्यालयात. पियानोचं झाकण उघडलं की ताई म्हणायच्या, "दे गं." चिंगी 'आ' करून सूर धरायची, ताई खुंटी फिरवायच्या, आणि चिंगी "बस" म्हणाली की थांबायच्या. बघणारे खूश. मीही समजले, आत्या भाचीला तयार करतेय. ताईंचा चेहरा तेव्हा उतरलेला का असतो, हे काही मला विचारावंसं वाटलं नाही.

इथे क्लॅरिनेटमास्तरांचं सांगायला हवं. विद्यालयात क्लॅरिनेट शिकवणारे एक सरळमार्गी गृहस्थ आहेत. क्लॅरिनेट तारेसारखं फार चढवता-उतरवता येत नाही, लाकूड ते लाकूडच. गेली काही वर्षं ते कुरकुरत होते की विद्यालयाच्या पियानोशी त्यांचं वाद्य जुळत नाही, ते वर राहतं. आता पियानो ताईंनी लावलेला. तेव्हा चूक कुणाची? मोठ्या बाईंनी, म्हणजे विद्यालयाच्या मुख्य बाईंनी, त्यांना वाद्य दुरुस्तीला न्यायला सांगितलं. बिचाऱ्यांनी क्लॅरिनेटचा सांधा नवा, लांब करून घेतला, म्हणजे सूर उतरेल. उतरला. पुढच्या वर्षी चिंगी ताईंबरोबर जायला लागली आणि आता मास्तरांचं वाद्य खाली राहायला लागलं. त्यांनी पुन्हा जुना सांधा बसवला आणि या वयात आपल्याला ऐकू कमी येतंय की काय म्हणून डॉक्टरकडे जाऊन आले. गावात यावर खूप हसून झालं. मीही हसले होते.

एका शनिवारी शाळेचा एप्रन धुवायला घरी आणला आणि त्याच्या खिशात प्रयोगशाळेचा नादकाटा निघाला. अण्णा खाली होते. मला चेव आला. बंदी असलेली वस्तू हातात आल्यावर कुणाला येत नाही? गुडघ्यावर आपटला आणि दांडी टेबलावर टेकवली. सगळं टेबल गुणगुणायला लागलं.

"पांढरी सहा," आतून ताईंचा आवाज आला. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, हात पिठाचे. चेहरा असा की बऱ्याच वर्षांनी माहेरचं कुणी भेटावं. "किती शुद्ध आहे हो. किती दिवसांनी ऐकली."

"नाही आत्या," कोपऱ्यात चित्र काढत बसलेली चिंगी म्हणाली. "ही कमी आहे. पांढरी सहा आणि काळी चार, दोघींच्या मध्ये."

ताईंनी वाद घातला नाही. चूक दाखवल्यावर माणूस चकित होतं, चिडतं. ताई नुसत्या पकडल्या गेल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि मग कणकेकडे परत गेल्या.

सोमवारी मी काट्यावरचा आकडा पाहिला. चारशे सव्वीस. विज्ञानाच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, शाळेच्या काट्यांचं माप पुस्तकी असतं, वाजवणाऱ्यांची पांढरी सहा चारशे चाळीसची, चांगली वर. म्हणजे पोर बरोबर होती. संध्याकाळी मी दुकानात गेले, दार ओढून घेतलं आणि ताईंना सरळ विचारलं.

त्यांनी किल्ली खाली ठेवली. "चाळिशीपन्नाशीत कान सरकतो, वहिनी. सगळं चढं ऐकू यायला लागतं. खरी पांढरी सहा वाजली तर मला ती काळ्या पाचकडे गेल्यासारखी वाटते. म्हणून मी तार उतरवत गेले. दर वर्षी थोडी थोडी. अख्ख्या गावाचे पियानो मी खाली आणले, आणि एक माणूस सोडून कुणाला कळलं नाही."

"क्लॅरिनेटमास्तर."

"मी त्यांच्या समोर जात नाही. रस्ता बदलते."

"अण्णांना माहीत आहे?"

ताई हसल्या. ते हसणं मला अजून आठवतं आणि बरं वाटत नाही. "त्यांनीच सांगितलं, चिंगीला घेऊन जा म्हणून. 'दे गं' कसं म्हणायचं तेही. मी सहा वर्षांची होते तेव्हा ते मला अगदी असंच म्हणायचे. दे गं. तेव्हा वाटायचं, लाड करतात. माझा कान सरकला तेव्हा कळलं की मी सहाची असताना त्यांचाही सरकला असणार. त्यांनी काटा फेकला नाही, वहिनी. काट्याच्या जागी मला ठेवलं."

"आणि तुमच्या जागी माझी पोर."

ताईंनी किल्ली उचलली आणि पुन्हा खुंटीला लावली.

मी दुसऱ्याच दिवशी वाद्यांच्या दुकानातून चारशे चाळीसचा काटा आणला आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही, विंचू असावा तसं त्याच्याकडे पाहिलं.

"उचल ते."

"यात वाईट काय आहे? काम तेच होतं."

"सूनबाई, काटा घेऊन हिंडणारे पैशाला पासरी मिळतात. लोक आपल्याला का बोलावतात? सुरासाठी? त्यांना सूर कळतो कुठे? ते कान बघायला बोलावतात." मग आवाज जरा खाली आला. "माझा गेला तेव्हा मी कुणाला सांगू शकलो नाही. तू सांगशील बाहेर, तर माझं आणि तिचं दोघांचं आयुष्य खोटं पडेल. सांग खुशाल."

हे त्यांनी बरोबर जागी मारलं. अण्णांचं मी सोसलं असतं, ताईंचं नाही. मी काटा पर्समध्ये टाकला आणि तोंड मिटून घेतलं. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पाठ करून म्हणाला, "जाऊ दे." मग बराच वेळ त्याचं घोरणं काही सुरू झालं नाही.

विद्यालयाचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. अण्णांनी ठरवलं की त्या दिवशी सकाळी चारचौघांसमोर चिंगी सूर देणार, ताई पियानो लावणार, आणि पाटीवर तिसरी पिढी चढणार. रंगाऱ्याला सांगूनही झालं होतं.  एकदा पाटीवर चढलेलं माणूस उतरत नाही, ताई कुठे उतरल्या? मला माझी पोर पुढची चाळीस वर्षं त्या दुकानात, लोकांच्या कौतुकात कोंडलेली दिसायला लागली. सांगायची सोय नाही, थांबवायची सोय नाही. मग मी एक वेडेपणा केला.

"चिंगे," मी तिची वेणी घालताना म्हटलं, "उद्या आत्या 'दे गं' म्हणाली ना, की पांढरी सहा देऊ नकोस. त्या दिवशीच्या शाळेच्या काट्याची दे. येईल?"

"येईल की. पण ती चूक आहे."

"एकदाच. मग तुला कुणी स्टुलावर बसवणार नाही."

ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. माझा हिशेब सरळ होता. पियानो चुकीचा लागेल, दुपारच्या तालमीत क्लॅरिनेटमास्तर बोंब मारतील, सगळे म्हणतील पोरीचा कान काही खरा नाही, आणि ती सुटेल. ताईंकडे बोट जाणार नाही. अण्णांचं हसं होईल, ते होऊ दे.

सकाळी विद्यालयाच्या सभागृहात दहापंधरा पालक, मोठ्या बाई आणि पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून अण्णा. ताई म्हणाल्या, "दे गं." चिंगीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि 'आ' केला. ताईंनी खुंटी फिरवली, उलटी, सैल करायला. त्यांचा हात मध्येच थांबला. पुन्हा फिरला. "बस," चिंगी म्हणाली. टाळ्या पडल्या. अण्णांनी डोळे पुसले.

ताई दुपारपर्यंत सगळ्या तारा उतरवत होत्या. मी डबा घेऊन गेले तर त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता.

"वहिनी, आज मला ती बरोबर ऐकू आली," त्या हळूच म्हणाल्या. "पोरीने दिली आणि माझ्या डोक्यातली, दोन्ही एक. परवा सर्दी झाली होती ना मला, त्यात काय मोकळं झालं कोण जाणे. पियानो जरा जास्तच चढला होता, पण हवा दमट असली की चढतात. कान परत आला, वहिनी. आता चिंगीला नाही लागणार यायला. मी आहे की."

शाळेच्या काट्याचा सूर त्यांच्या सरकलेल्या कानाला खराच वाटणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पोरीला सोडवायला निघाले होते, आणि फास बसला तो ताईंना. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण त्या इतक्या खुशीत जेवत होत्या, लोणच्याची फोडसुद्धा चाटूनपुसून, की मला जीभ उचलेना.

तालमीला क्लॅरिनेटमास्तर आले. त्यांनी वाद्य जोडलं, तोंडाला लावलं, विद्यार्थिनीने पियानोवर सुरुवात केली, आणि मलासुद्धा कळलं. सुरातलं मला काही कळत नाही, पण खरखर कळते. मास्तर थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा खरखर.

"मास्तर," मोठ्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुमचं वाद्य परत बिघडलं वाटतं."

मागे कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मास्तर चढ्या आवाजात काही बोलतील याची मी वाट बघत होते. माझा सगळा डाव त्या एका माणसावर होता. त्यांनी वाद्याकडे पाहिलं, आणि "हो, बघतो," असं म्हणून पेटी उघडली आणि तो लांब सांधा शोधायला लागले. तो अजून त्यांच्या पेटीत होता.

चिंगीने माझा पदर ओढला. ती रडत नव्हती, पण चेहरा पांढरा पडला होता.

"आई, ते बरोबर आहेत. मी चुकीची दिली. तरी कुणालाच नाही कळलं." थोडं थांबून तिने विचारलं, "आता मी म्हणेन तीच पांढरी सहा का?"

 खरं बोलली तरी तीच, खोटं बोलली तरी तीच. बाहेर पडायला मी तिला जे दार दाखवलं होतं, ते परत त्याच खोलीत उघडत होतं. मी पर्समध्ये हात घातला आणि मंचावर चढले. लोक बघत होते. मी तो चारशे चाळीसचा काटा ताईंच्या हातात ठेवला.

ताईंनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे कान नाही आला परत," त्या म्हणाल्या.

"नाही, ताई. मीच तिला शाळेच्या काट्याची द्यायला सांगितली. मला माफ करा."

खाली अण्णा उठून उभे राहिले होते. "ते आत ठेव," ते ताईंना म्हणाले. "लोक बघतायत."

ताई काटा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, ठेवतील. जन्मभर ठेवतच आल्या होत्या. मास्तर खाली वाकून सांधा बसवत होते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मास्तर, ते राहू द्या," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "तुमचं वाद्य बरोबर आहे. कधीच बिघडलं नव्हतं."

आणि त्यांनी काटा गुडघ्यावर आपटला, दांडी पियानोच्या लाकडाला टेकवली आणि दुसऱ्या हाताने पांढरी सहा दाबली. काट्याचा सूर सगळ्या सभागृहात भरला. तार आणि काटा यांच्यात लाटसुद्धा नव्हती, इतकं अंतर पडलं होतं, नुसती थरथर. मास्तर ताठ झाले. हसणारे गप्प बसले. मोठ्या बाईंनी घड्याळात बघितलं आणि कार्यक्रम उशिरा सुरू होईल असं कुणाला तरी सांगायला गेल्या.

अण्णा पुन्हा खुर्चीत बसले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण ते एकदम फार म्हातारे दिसले, आणि मला रागही नीट करता येईना.

ताईंनी काटा परत आपटला, दांडी दातांत धरली आणि दोन्ही हात मोकळे करून किल्ली खुंटीला लावली. जुने लोक असंच लावायचे म्हणे. थरथरीची लाट झाली, वाँव वाँव वाँव, लांबत गेली, विरली. एक तार झाली. त्या पट्टीच्याच अजून दोन, आणि मग अख्खा पियानो.

चिंगी सवयीने पियानोकडे पाठ करून उभी राहिली होती, तोंड अर्धं उघडं, 'दे गं' ची वाट बघत. ते काही आलं नाही. शेवटी तिने वळून विचारलं, "आत्या, मी काय करू?"

ताईंनी काटा दातांतून काढला.

"काही नाही. तुझं इथे काही काम नाही. जा, खेळ."

चिंगीने आजोबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ती चालत दारापर्यंत गेली आणि दाराबाहेर पडल्यावर तिच्या पळण्याचा आवाज आला. ताई त्या दाराकडे बघत राहिल्या. हे वाक्य त्यांना कधी कुणी म्हटलं नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं आणि मी ते आवरलंही नाही.

"अजून किती वेळ लागेल?" अण्णांनी खालून विचारलं.

ताईंनी काटा पुन्हा दातांत धरला होता, त्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही.